पेन्शनीतले सुभेदार

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. पण ते त्याला भेटते बहुधा एकाच ठिकाणी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राच्या पहिल्या प्रकरणात. महूची छावणी, चौदावे अपत्य, कबीरपंथी घर, कडक शिस्त. एवढे सांगून होते न होते तोच मुलगा मुंबईच्या हायस्कुलात दाखल होतो आणि वडील मागे पडत जातात. १९१३ साली ते वारतात, तेव्हा आपले लक्ष न्यूयॉर्ककडे लागलेले असते.

चरित्रकारांचा यात दोष नाही. ज्या मुलाचे आयुष्य त्यांना सांगायचे होते ते इतके मोठे होते, की त्यापुढे वडिलांना चार-सहा पाने मिळाली हेच पुष्कळ. तरीही मला कितीतरी वर्षे वाटत आले आहे, की रामजींचे आयुष्य एकदा त्यांच्या बाजूने, आरंभापासून अखेरपर्यंत वाचायला हवे. उमेदीची वर्षे फौजेत काढलेला, पलटणीच्या शाळेत शिकवणारा आणि पेन्शनीत आल्यावर उरलेले सगळे बळ घरावर, मुलांवर लावणारा एक माणूस म्हणून. पुढील पानांचा विषय तोच आहे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यांचे वडील मालोजी हेही फौजेतून निवृत्त झालेले. सासुरवाडी मुरबाडकरांची, त्या घरातले सात भाऊ सुभेदार-मेजरच्या हुद्द्याला पोचले होते, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे दोन्हीकडून हे लष्करी घराणे. कोकणातल्या महार समाजात अशी घरे थोडीथोडकी नव्हती. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महारांची भरती मोठ्या प्रमाणावर होई. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमा कोरेगावात उभारलेल्या स्तंभावर त्यांच्या शिपायांची नावे आजही वाचता येतात. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ मानत, त्याला पलटणीत पगार होता, गणवेश होता, कर्तबगारीप्रमाणे हुद्दा होता आणि शेवटी पेन्शन होती. त्याला सलाम करणारे शिपाई होते.

आणि शाळा होती. फौजेतल्या हिंदी शिपायांच्या मुलांना, त्यांच्या मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचे होते; मुलांसाठी दिवसाची आणि मोठ्यांसाठी रात्रीची शाळा भरत असे, असे बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. अशाच एका शाळेत रामजी चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. या चौदा वर्षांकडे वाचकांनी थांबून पाहावे, अशी माझी इच्छा आहे. सुभेदार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पट्टा, पगडी आणि तलवार उभी राहते. रामजींची खरी हत्यारे खडू आणि पाटी ही होती. ज्या काळात गावच्या शाळेची पायरी या मुलांना वर्ज्य होती, त्या काळात त्यांच्यातलाच एक माणूस हजेरी घेत होता, पाढे म्हणवून घेत होता, इंग्रजी वाचायला लावत होता, आणि हे सारे त्याचे अधिकृत काम होते. शिकणे ही रोजच्या भाकरीइतकी साधी गोष्ट आहे, हा विश्वास त्यांनी छावणीतून घरी आणला. पुढे सातारच्या आणि परळच्या घरात जे घडले त्याचे मूळ मला इथे दिसते.

भीमराव १४ एप्रिल १८९१ ला महूला जन्मले तेव्हा रामजींनी चाळिशी ओलांडली होती. थोड्याच वर्षांत ते निवृत्त झाले आणि कोकणात दापोलीला आले. दापोली ही जुनी छावणीची जागा. पेन्शनर सैनिकांची तिथे वस्ती होती. या वस्तीत आपल्या हक्कांचा विचार जागा होता. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर तिथूनच लेख आणि अर्ज लिहीत होते. पण रामजींच्या मुलांना दापोलीच्या शाळेत प्रवेश मिळाला नाही. आयुष्यभर इतरांच्या मुलांना शिकवून आलेल्या मुख्याध्यापकाच्या मुलांना शाळा नाही, ही त्याच्या निवृत्तीची सुरुवात.

दुसरा घाव याच सुमाराचा. १८९० च्या दशकाच्या आरंभी सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. जी वाट मालोजींनी आणि रामजींनी धरली होती, मुरबाडकरांच्या सात भावांनी धरली होती, ती पुढच्या पिढीला मिटली. रामजी यावर हळहळत बसले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे जाऊन त्यांनी सरकारला द्यायच्या अर्जाचा मसुदा तयार करून घेतला, अशी नोंद चरित्रांत आहे. सरकार बधले नाही. भरतीचा प्रश्न पुढे कितीतरी वर्षे भिजत पडला. पहिल्या महायुद्धात थोडा काळ दार किलकिले झाले आणि युद्ध संपल्यावर पुन्हा लागले. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा या सुभेदारांचा धाकटा मुलगा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होता. बापाने हाती घेतलेले काम मुलाच्या कारकिर्दीत तडीस गेले, हा योगायोग मी मानत नाही. त्या घरात अर्ज लिहिणे, कागदोपत्री लढणे, वरच्या दारापर्यंत जाणे याचे वळण आधीच पडले होते.

दापोलीहून कुटुंब साताऱ्याला आले. रामजींना तिथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी मिळाली होती. साताऱ्यातच रामजींच्या पत्नी भीमाबाई वारल्या. चौदा मुलांपैकी पाच जगली होती: बळराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा, तुळसा या मुली. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे. रामजींची थोरली बहीण मीराबाई घरात होती, तिने मुलांना जवळ घेतले. पुढे रामजींनी दुसरे लग्न केले.

हा भाग बाजूला ठेवून रामजींची थोरवी सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमराव दुखावले गेले. वडिलांच्या जिवावर राहायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम धरायचे, असे त्या मुलाने ठरवले आणि गाडीभाड्यासाठी आत्याच्या बटव्याला हात घातला. त्यात निघाला अर्धा आणा. ही हकीगत स्वतः बाबासाहेबांनी सांगितलेली आहे. त्यानंतरच मन लावून शिकायचे आणि लवकर स्वतःच्या पायांवर उभे राहायचे, असा निश्चय झाल्याचेही त्यांनीच सांगितले. रामजींचे घर असे होते. त्यात दुरावे होते, रुसवे होते, बापाच्या शब्दापुढे कोणी जाऊ नये असा दरारा होता. कुटुंबवत्सल माणूस म्हटला की आपण जे गोड चित्र रंगवतो, त्यात हे घर बसत नाही. तरी मुलांसाठी झिजणे म्हणजे काय ते इथे जितके दिसते तितके मला इतर फार थोड्या घरांत दिसले आहे.

साताऱ्याच्या दिवसांतला एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, १९०१ सालचा मसूरचा प्रवास. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत तो पहिल्याच प्रकरणात येतो. अस्पृश्यतेचा दाहक पुरावा म्हणून आपण तो वाचतो, आणि तसा तो आहेच. इथे तो वडिलांच्या बाजूने वाचून पाहू.

रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळात भुकेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलावाचे खोदकाम काढले होते. मजुरांचे पैसे हाती असलेल्या रोखपालाला जागा सोडता येईना, म्हणून मुले साताऱ्यात आणि बाप गोरेगावात अशी ताटातूट झालेली. घरी आत्या थकलेली. तिला स्वयंपाक झेपत नसे. चपात्या मुलांना जमत नव्हत्या, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून मुले दिवस काढत होती. अशा वेळी वडिलांचे पत्र आले, की उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे या. मुलांचा आनंद काय वर्णावा! नवे सदरे शिवले, जरीच्या टोप्या आल्या, रेशीमकाठी धोतरे आली. कधी निघतो ते वडिलांना कळवले आणि भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले आगगाडीत बसली.

मसूर स्टेशनावर न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली, जात कळताच ते मागे सरले. एकही गाडीवान या मुलांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशी तडजोड झाली. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी कोणी देईना. मुले उपाशी निजली. दुसऱ्या दिवशी ती गोरेगावात वडिलांच्या दारात उभी राहिली तेव्हा वडील चकित झाले. त्यांना पत्र मिळालेच नव्हते. ते नोकराच्या हाती पडले होते आणि नोकर ते द्यायला विसरला होता.

आता या बापाचा विचार करा. फौजेत सुभेदार म्हणून ज्याचा शब्द चालत होता, जो दुष्काळी कामावर सरकारी तिजोरी सांभाळत होता, त्याला आपली मुले स्टेशनावरून सुखरूप घरी आणण्यासाठी एका नोकराच्या आठवणीवर विसंबावे लागत होते. हुद्दा, पेन्शन, इंग्रजी, हिशेबातला चोखपणा यांतले काहीही मसूर ते गोरेगाव या वाटेवर मुलांच्या कामी आले नाही. लहानग्या भीमरावांच्या मनावर या प्रवासाने कायमचा डाग दिला. बापानेही यातून काही धडा घेतला असेल तर तो पुढच्या बारा वर्षांच्या वागण्यात दिसतो: या मुलाला इतके शिकवायचे की त्याला कोणाच्या गाडीची वाट पाहावी लागू नये.

त्यासाठीच रामजींनी १९०४ च्या सुमारास बिऱ्हाड मुंबईला हलवले. परळच्या गिरणगावात चाळीतली एक खोली. जाते, सरपण, भांडीकुंडी आणि सगळे कुटुंब त्या एका खोलीत. तिथे अभ्यासाला जागा कुठून आणायची? रामजींनी वेळ काढून जागा निर्माण केली. मुलाला ते रात्री लवकर निजवत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून त्याच्या रिकाम्या अंथरुणावर आपण आडवे होत. घर निजलेले, बत्तीच्या उजेडात मुलगा वाचतो आहे आणि आपला पहारा संपवून म्हातारा सुभेदार झोपला आहे. हे एखाद्या परीक्षेपुरते नव्हते. त्या खोलीचा तो रिवाजच होता.

पुस्तकांचे वेड मुलाला होतेच. शाळेबाहेरच्या पुस्तकांसाठी तो हट्ट धरी आणि रामजींनी कधी नाही म्हटले नाही. हातात पैसे नसले की ते मुंबईतच दिलेल्या धाकट्या मुलीकडे जात, तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही नसले तर लग्नात आपणच दिलेला दागिना मागून घेत, मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पुस्तक घेऊन घरी येत. पेन्शन हाती पडली की दागिना सोडवून मुलीला परत. मी ही हकीगत वाचतो तेव्हा मला त्या दोन बहिणीही आठवतात. अंगावरचा दागिना काढून देताना त्यांनी कुरकुर केल्याचे कुठे वाचनात येत नाही. आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली, कारण सगळ्यांना शिकवणे शक्य नव्हते. रामजींच्या निर्णयाची किंमत त्या घरातल्या प्रत्येकाने भरली आहे, आणि या पुस्तकात त्यांची नावे आदराने यावीत असा माझा आग्रह होता.

इंग्रजी आणि गणित रामजी स्वतः घेत. सकाळ-संध्याकाळ भजन, संतांचे अभंग, कबीराचे दोहे. शिवाय रोज रामायण-महाभारताचे मोठ्याने वाचन. ते मुलांना चुकवता येत नसे. बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत या वाचनाचे वर्णन आहे. वडील सैनिकी पेशाचे असूनही अतिशय धार्मिक होते आणि मुलांवर त्यांची सत्ता रोमन कुटुंबप्रमुखासारखी चाले, असे ते सांगतात. आई लहानपणीच गेल्यामुळे थोडी मोकळीक घेण्याची मुभा फक्त भीमरावांना होती. तिचा फायदा घेऊन मुलाने विचारले, की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे ते आम्ही का वाचायचे? प्रश्न रामजींना आवडला नाही. मुलांनी सांगितले ते करावे, असे म्हणून त्यांनी तो उडवून लावला. मुलाने काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा केला. या वेळी त्यांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य म्हणून जन्मलो, तुमच्या मनात न्यूनगंड बसण्याची भीती आहे. द्रोण, कर्ण यांसारखी साधी माणसे केवढ्या उंचीला गेली ते पाहा. वाल्मीकी तर कोळी, आणि त्याने रामायण रचले.

मला हे उत्तर फार महत्त्वाचे वाटते. ग्रंथ निवडण्यामागे रामजींचा धार्मिक भाव होता, पण त्या भावाच्या आत शिक्षकाचा हिशेब होता: मुलाची मान ताठ राहिली पाहिजे. मुलाचे मात्र समाधान झाले नाही. महाभारतातली भीष्म, द्रोण, कृष्ण ही पात्रे आपल्याला पटत नाहीत, रामही पटत नाही, असे त्याने सरळ सांगितले. वडील काही बोलले नाहीत. मुलाने बंड केले आहे हे त्यांना कळले होते. ज्याच्या घरात कोणी मान वर करत नव्हते त्या माणसाने या बंडापुढे हात उगारला नाही, शाळेची फी थांबवली नाही, पुस्तके आणणे बंद केले नाही. त्यांच्या मोठेपणाची खूण मला इथे सापडते.

मुलगा इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाला तेव्हा समाजातल्या लोकांनी त्याचा जाहीर सत्कार ठरवला. रामजींनी साफ नकार दिला. कारण एकच, मुलाच्या डोक्यात हवा जाईल. अखेर त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी रदबदली केली आणि सभा झाली. केळुसकरांनी त्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. बाबासाहेबांची ही स्वतःची आठवण. इतर चरित्रांत हा सत्कार १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा सांगितला जातो. कधीचाही असो, १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतराकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे पहिले पुस्तक रामजींच्या मित्राच्या हातून आले.

शेवटचा अध्याय लहान आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बी.ए. झालेले भीमराव जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. रामजींचा याला विरोध होता आणि मुलाने तो मानला नाही. संस्थानच्या फौजेत भीमरावांना लेफ्टनंटचा हुद्दा मिळाल्याची नोंद आहे. म्हणजे मालोजी आणि रामजींनंतर तिसरी पिढीही काही दिवस का होईना, गणवेशात गेली. काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. ते घरी पोचले तेव्हा रामजींचे डोळे त्यांचीच वाट पाहत होते, असे चरित्रकार सांगतात. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी वारले. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वडिलांना ते पाहायला पाच-सहा महिने कमी पडले.

दहा वर्षांनी, १९२३ साली, लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ प्रसिद्ध झाले. ते बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केले आहे. आपल्या शिक्षणाच्या बाबतीत त्यांनी दाखवलेली दूरदृष्टी आणि केलेला त्याग यांची कृतज्ञता त्या अर्पणपत्रिकेत आहे. चलनाच्या अर्थशास्त्रावरचा तो जाड ग्रंथ आंबडव्याच्या सुभेदारांच्या आणि मुरबाडकरांच्या लेकीच्या नावे आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते.

शेवटी वाचकांना एक विनंती. रामजींसारखी माणसे त्या काळात एकटीदुकटी नव्हती. रत्नागिरी, रायगड, सातारा, पुणे या जिल्ह्यांतल्या अनेक घरांत पणजोबा-खापरपणजोबांचे फौजेतले दाखले, पेन्शनीचे कागद, एखादे पदक, रात्रीच्या शाळेतली एखादी वही ट्रंकेच्या तळाशी पडलेली असते. घर बदलताना, वाटण्या होताना ती रद्दीत जाते. आपल्या घरात असे काही असेल तर ते जपा. त्यावरचा क्रमांक, पलटणीचे नाव, गाव आणि साल एका कागदावर उतरवून ठेवा. घरातल्या वृद्धांना आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि त्याची एक प्रत गावच्या ग्रंथालयाला किंवा पुराभिलेखागाराला द्या. रामजींच्या मुलाने लिहून ठेवले म्हणून आपल्याला एवढे तरी कळले. बाकीच्यांचे लिहिणे अजून राहिले आहे.